मर्यादेतली हवा

नौपाडा, ठाणे
३ डिसेंबर २०२३

मामा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात. तो मामीला दे. तुझ्यासाठी माझ्याकडे सध्या शिल्लक नाही.

गेल्या रविवारी वाकणपाड्याला आले तेव्हा तू ओटीवर बसून प्रीतम शेटशी फोनवर हसत होतास. मला हातानेच 'थांब' म्हणालास. मी थांबले नाही, आत गेले. मामी भाकऱ्या थापत होती. दोन थापल्या की भिंतीला टेकून उभी राहायची, पुन्हा ओट्याशी यायची. विचारलं तर म्हणाली, वय झालं. मामी तुझ्यापेक्षा चांगली सहा वर्षांनी लहान आहे. घरात वय तिचं एकटीचंच होतं वाटतं.

मामीच्या माहेरच्या ज्या शेतात ती आणि मी वालाच्या शेंगा तोडायचो, तिथे आता तुझ्या शेटच्या काँक्रीट प्लांटचे सायलो, सिमेंटच्या उंच टाक्या, उभे आहेत. दिवसभर खडी ओततात, राखेचे बंद टँकर, म्हणजे बल्कर, रिकामे करतात, काँक्रीटचे ट्रक गरगरत बाहेर पडतात. तू म्हणतोस, प्रगती. मी गावातल्या शाळेच्या खिडकीच्या गजावर बोट फिरवलं, तर प्रगती माझ्या बोटाला लागली.

आणि ती झाली दिसणारी धूळ. खरी भीती न दिसणाऱ्या धुळीची. केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सा, इतके बारीक कण. नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात. त्यांच्यासाठी आपल्या देशात कायद्याने मर्यादा घातली आहे. दिवसभराची सरासरी काढली तर एका घनमीटर हवेत साठ मायक्रोग्रॅम, आणि वर्षभराची काढली तर चाळीस. माझ्याकडचं हवा मोजायचं छोटं यंत्र मी तुझ्या ओटीवर ठेवलं होतं. तू त्याच्याकडे बघून 'नवीन मोबाइल काय गो?' असं विचारलंस. त्या मोबाइलवर एकशे चाळीस आकडा होता.

शेटला सांग, खडी झाका, रस्त्यावर पाणी मारा, यंत्रांना शेड घाला, बल्कर उघड्यावर रिकामे करू नका. महिनाभर वाट बघते. मग मी तुझी भाची नाही, वकील आहे.

जया

•

वाकणपाडा, मोहने
१४ डिसेंबर

जये,

तुझा नंबर मी ब्लॉक केलाय. वकिलाशी फोनवर बोलू नये, रेकॉर्ड करतात, असं प्रीतम शेट बोलला. म्हणून कागदावर लिहितोय.

साठ म्हणे. साठ काय, पापड? दिसत नाय, वास नाय, हाताला लागत नाय, आणि त्याच्यावर कायदा! ज्याने हा कायदा केला त्याने उभ्या जन्मात कधी फावडं धरलेलं काय? माझा बाप मिठागरात राबला. पाय फाटायचे, डोळ्यात खार जायचा. त्याच्या छातीला कोण यंत्र लावायला आलेला? म्हातारा ऐंशी पार करून गेला. आणि माणूस एकसष्टला मरतो, साठला जगतो, असं तुझ्या पुस्तकात लिहिलंय काय? एकसष्टला मेलेला एक माणूस मला दाखव, त्याच्या दहाव्याला मी स्वतः येतो.

आणि तू कोणाला शिकवतेस? तुझी नौपाड्यातली बिल्डिंग पाडली, नवीन उभी राहतेय, तू तोवर भाड्याच्या घरात बसलीस. त्या बिल्डिंगला काँक्रीट लागतं की तुमचे शिकलेले लोक मंत्र म्हणून स्लॅब टाकतात? पहाटे ट्रक निघतो तो वाकणपाड्यातून निघतो, जये. हिरवं कापड बांधलं की तुमची धूळ सभ्य होते, आमची धूळ गावठी. असं हाय ते.

राहिली तुझी मामी. ती अर्धा जन्म चुलीपुढं बसली, ते आता छातीत बोलतंय. त्याला शेट काय करणार? सितोपलादी चूर्ण आणून दिलंय.

तुला सहावीपासून या घरानं वाढवलं. आई गेली तेव्हा तुझी फी भरली ती जमिनीनंच भरली. त्या जमिनीवर केस टाकणार असशील तर टाक. सगळं गाव बघेल, बोरीचं झाड कसं काटा मारतं ते.

काळुराम भोईर

•

नौपाडा
६ फेब्रुवारी २०२४

मामा,

पहिलं, तुझ्या शेटला सांग की सही केलेला कागद हा रेकॉर्डिंगपेक्षा पक्का पुरावा असतो. असला सल्लागार तुला मिळाला यातच मला अर्धी केस जिंकल्यासारखं वाटतं.

दुसरं, काँक्रीटचं. खरं आहे तुझं. आमच्या बिल्डरविरुद्धही मी तक्रार केली. तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी मला रस्त्यात बघितलं की दुकानात शिरतात, मग ते दुकान बायकांच्या ब्लाउजपीसचं का असेना. मीटिंगमध्ये एक निवृत्त प्राध्यापक उठून म्हणाले, 'विकासाला थोडी धूळ लागतेच.' त्यांच्या नातवाच्या वाफाऱ्याचं यंत्र रोज सकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. तेव्हा शिकलेल्या माणसांबद्दल तुझं जे मत आहे त्यात मी तुझ्या पुढेच आहे. पण नौपाड्यातली माणसं मूर्ख आहेत म्हणून वाकणपाड्यातली हवा स्वच्छ होत नाही.

तिसरं, महिना दिलेला, दोन झाले. खडीवर ताडपत्रीसुद्धा पडली नाही. मी हरित लवादाकडे अर्ज केला. शाळेच्या गच्चीवर तीन दिवस यंत्र लावून हवा मोजायची असा आदेश झाला आहे. शेटला आणि तुला नोटीस येईल. फाडू नकोस, दुसरी येते.

फी जमिनीने भरली म्हणतोस. अकरावीला माझं नाव घालायला उल्हासनगरच्या कॉलेजात माझ्याबरोबर कोण आलं होतं? तू लग्नाला गेलेलास. मामी आलेली, डोक्यावरून पदर घेऊन. मी केस कोणाच्या बाजूने लढते आहे, ते तुला अजून कळलं नसेल तर सायलोवर चढून बघ. उंचावरून दिसेल कदाचित.

जया

•

वाकणपाडा
११ मार्च

वकीलीणबाई,

सत्तावन!

परत लिहितो म्हणजे चष्मा लावून वाच. सत्तावन. तीन दिवसांची मोजणी झाली, खासगी लॅबची पोरं आलेली, तुझ्याच लवादाच्या हुकमानं. तिन्ही दिवस साठच्या आत. सगळ्यात मोठा आकडा सत्तावन. मी शाळेच्या मास्तरला पेढे दिले. त्याने घेतले पण खाल्ले नाय, रुमालात बांधले. तो पण तुझ्यातलाच दिसतो.

तू विचारशील, कसं काय. विचार. नोटिशीत तारीख होती ना? नेमका त्याच आठवड्यात प्लांट मेंटेनन्सला बंद ठेवायला लागला. काय करणार, यंत्र हाय, बिघडतं. आणि रस्ता फार उडतो म्हणून टँकर लावून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. तूच बोललेलीस ना, पाणी मारा? तुझंच ऐकलं.

ज्या कायद्याला येण्याआधी चिठ्ठी पाठवायला लागते, त्याला आमच्याकडं कायदा नाय बोलत, पाहुणा बोलतात. पाहुण्यासाठी घर झाडतात. गेला की परत जसं हाय तसं.

मामी मजेत.

काळुराम

•

नौपाडा
२२ एप्रिल

मामा,

अभिनंदन. बंद प्लांटची हवा तू चांगली मोजून घेतलीस. दुकान बंद ठेवून 'आमच्याकडे भेसळ होत नाही' म्हणणारा वाणी मी आतापर्यंत ऐकला नव्हता.

पण तू कायदा अर्धाच वाचलास, तोही शेटच्या चष्म्यातून. साठ ही एका दिवसाची मर्यादा. वर्षाची चाळीस आहे आणि ती तीन दिवसांत ठरत नाही. आठवड्यातून दोनदा, असं वर्षभर मोजायचं असतं. मी हेच मांडलं. तुमच्या वकिलाने 'तीन दिवस पुरेसे आहेत' असं सांगितलं, तेव्हा लवादाचे सदस्य त्याला म्हणाले, 'तुम्ही मुलाची वर्षाची परीक्षा तीन दिवसांच्या हजेरीवर पास करता का?'  वर्षभर मोजणीचा आदेश झाला आहे. आता बघू तुझं यंत्र किती दिवस बिघडतं. वर्षभर बंद ठेवायचा असेल तर फारच छान.

एक मात्र कळत नाही. मामी फोनवर येत नाही. नंदा उचलते आणि म्हणते, सासूबाई झोपल्यात. सकाळी केला तरी झोपल्यात, संध्याकाळी केला तरी झोपल्यात. नंदा तुझी सून आहे, तिला खोटं बोलायची सवय नाही हे तिच्या आवाजातूनच कळतं. मामी माझ्यावर रागावली असेल तर तिने तसं सांगावं. घराची अब्रू लवादात नेली म्हणून मला दोन शिव्या द्याव्यात. मी ऐकून घेईन. तुझ्या ऐकते त्यापेक्षा आनंदाने.

जया

•

वाकणपाडा
१९ ऑक्टोबर

जये,

उत्तराला उशीर झाला. पावसात कोण लिहिणार, नदी अंगणाच्या पायरीपर्यंत आलेली.

तुझी लॅबची पोरं येतात आठवड्यातून दोनदा, गच्चीवर चढतात, गाळणीसारखा कागद बदलतात, खाली येऊन आमच्याकडं चहा पितात. त्यातल्या एकाला मी विचारलं, काय रे, आकडा काय आला? तो बोलला, काका, पावसात काय येणार, सगळं धुऊन जातं. मी बोललो, वाहवा! म्हणजे देव पण शेटच्याच बाजूनं.

तुझी मामी रागावलीय हे तू बरोबर ओळखलंस. फार रागावलीय. शहाडला भावाकडं जाऊन राहिलीय, तिथं तिला बरं वाटतं. तिकडं फोन करून तिला तरास देऊ नकोस. दिवाळीला इकडं येऊ पण नकोस. तू आलीस की शेटच्या गाडीवर जाणारी पोरं ओटीवर येऊन बोंबलतात, आमची रोजी मारते म्हणून. मला तुझी बाजू घ्यायला लागते, आणि मला ती घ्यायची नसते.

केस संपली की बघू.

काळुराम

•

नौपाडा
२८ मे २०२५

मामा,

निकाल लागला. शेटने तुला कळवलंच असेल, पण वाकणपाड्यात फटाके वाजले की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिते.

वर्षाची सरासरी अडतीस आली. मर्यादा चाळीस. तुम्ही कायद्यात बसलात.

अडतीस कसे झाले ते सांगते. डिसेंबर-जानेवारीत आकडे नव्वदच्या, शंभरच्या वर होते, एकामागून एक. पावसाळ्यात बारा, पंधरा. पावसाने चार महिने वाकणपाड्याची हवा धुतली आणि त्याचं श्रेय तुझ्या शेटने सरासरीत घातलं. हिवाळ्याच्या दिवसांचं काय, असं मी विचारलं. साठ ओलांडायला वर्षातले अगदी थोडे दिवस मुभा आहे, तीही लागोपाठ नाही. तुमचा वकील म्हणाला, ओलांडले असतील, पण ती धूळ आमचीच कशावरून? रस्ता आहे, वीटभट्ट्या आहेत, लोक कचरा जाळतात. प्रत्येक कणावर आमचं नाव आहे का? आणि मामा, लागोपाठ दोन दिवस मर्यादा ओलांडली तर काय करायचं असं नियमात लिहिलंय, ठाऊक आहे? आणखी मोजायचं. आणखी तपास करायचा. घर जळतंय हे थर्मामीटरवर दिसलं तर दुसरं थर्मामीटर आणायचं.

खडीवर ताडपत्री घाला, पाणी मारा, एवढं सांगून अर्ज निकाली काढला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आजवर मी तुझ्यावर चिडत होते, की तू कायदा मानत नाहीस. त्या दिवशी मला वाटलं, तू मानत नाहीस तेच बरं. जगातले डॉक्टर एकत्र बसून सांगतात की दिवसाला पंधरा आणि वर्षाला पाच याच्या वर गेलात की माणसाला इजा होते. आपल्याकडे पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी चाळीस लिहिलं आणि पेन खिशाला लावून निघून गेला. पाच आणि चाळीस यांच्या मध्ये जी माणसं आजारी पडतात ती कायद्याच्या हिशेबी निरोगी आहेत.

तू जिंकलास. मामीला शहाडहून घरी आण आता. तिला सांग, जया हरली, राग सोड.

जया

•

वाकणपाडा
९ जून

जया,

हे नंदा लिहिते आहे, बोलते मी, तुझी मामी. मध्ये मध्ये थांबावं लागतं. थांबले ते लिहू नको असं तिला सांगितलंय.

मी रागावले नव्हते. शहाडला गेले नव्हते. मागच्या खोलीत होते, खिडकी लावून. गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधी एकदा नळावरून कळशी आणताना अंगणात बसले ती उठलेच नाही. कल्याणला हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं निबर झालीत, आता जेवढी उरलीत तेवढ्यावर भागवायचं. तेव्हापासून नाकात नळी आहे. खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतं. लाईट गेली की हे धावत जाऊन जनरेटर लावतात. तो जनरेटरही शेटनेच दिलाय.

तुझ्या मामांनी सगळ्यांना ताकीद दिली, जयाला कळू द्यायचं नाही. कळलं तर मला खुर्चीत घालून कोर्टात दाखवेल म्हणाले. फोन नंदाच्या हातात, नंदा त्यांच्या धाकात. मी म्हटलं, जाऊ दे. दोघं मोजतायत, मोजू देत एकदा पोटभर.

तुझा राग येत नाही, पण हसू येतं ते लिही म्हटलं नंदाला. त्यांचंही येतं. एक म्हणतो सत्तावन, एक म्हणते एकशे चाळीस. वर्षभर शाळेच्या गच्चीवर यंत्र ठेवून हवा मोजलीत. गच्चीपासून माझी खाट किती लांब आहे? एवढ्या हुशार माणसांपैकी एकालाही वाटलं नाही, आत जाऊन ती हवा घेणाऱ्या बाईला विचारावं.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. जिंकल्याचं. मला ऐकू यावं म्हणून दारात उभं राहून वाचलं. 'राग सोड' इथपर्यंत आले. कागद दुमडून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी प्रीतम शेट आला. जागेच्या कराराची मुदत संपली, पुढच्या वर्षांसाठी माझी सही हवी होती. मिठाई घेऊन आला, खाटेशेजारी खुर्ची ओढून बसला. यंत्राकडे बघायचं टाळत होता.

"काकू, फक्त इथे सही," म्हणाला.

मी विचारलं, "शेट, तुमची हवा किती आली?"

"अडतीस. मर्यादेत आहे, काकू."

"मग ही नळी कसली?"

"ते... ते वयामुळे असतं."

"माझा बाप याच शेतात पंच्याऐंशीव्या वर्षी बैल हाकायचा."

तो हसला. हे म्हणाले, "अगं सही कर ना, काय लावलंय." मी म्हटलं, "अडतीस काय नि साठ काय, माझ्या छातीला वाचता येत नाही. तिला जेवढं कळतं तेवढं ती सांगते आहे. मी सही करणार नाही."

मग हे ओरडले. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पोरांच्या गाड्या प्लांटवर लागल्यात, शेट कोर्टात खेचेल. सगळं ऐकून घेतलं. ओरडायला त्यांच्याकडे श्वास आहे, माझ्याकडे नाही, म्हणून मी थोडकंच बोलले. "घर तुमचं, ओटी तुमची, गावकी तुमची. शेत माझ्या बापाने मला दिलंय. ते माझं."

शेट मिठाई ठेवून गेला. नंदाने ती कुत्र्यालाही घातली नाही, नदीत सोडली.

हे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पण लाईट गेली की जनरेटर लावायला तेच उठतात.

तू ये. येताना काळा कोट घालून येऊ नको.

विमल

•

नौपाडा
१७ जून

मामी,

परवा येऊन गेले ते तुला आठवतंय की नाही, माहीत नाही. तू बोलता बोलता झोपलीस. तुझा हात हातात घेऊन बसले होते, नखं निळसर दिसली. मी वर्षभर आकड्यांच्या फाइली घेऊन हिंडले आणि माझ्या माणसाची नखं बघितली नाहीत.

मामाने दार उघडलं. बाजूला झाला. तुझ्या खोलीत त्याने जुनी चादर भिजवून खिडकीला बांधली आहे, धूळ येऊ नये म्हणून. कायद्याला पापड म्हणणाऱ्या माणसाने! तुला आत कोंडून तो बाहेर पेढे वाटत होता. हे मी विसरणार नाही, आणि त्याला तसं सांग.

आता कामाचं. निकालाविरुद्ध मी वरच्या कोर्टात जाते आहे. या वेळी प्लांटशी भांडण नाही, प्लांट तू एक सही नाकारून उपटलास, जे मला दीड वर्षात जमलं नाही. भांडण चाळीस या आकड्याशी आहे. ही मर्यादा माणसाला वाचवण्यासाठी आहे असं कायदा म्हणतो. तर मग अडतीसमध्ये आजारी पडलेली बाई मला त्यांच्यासमोर ठेवायची आहे. खुर्चीत घालून नेणार नाही. फक्त हॉस्पिटलचे कागद हवेत.

तुझं नाव द्यायचं नसेल, घराची चर्चा नको असेल, तर 'एक रहिवासी' असं लिहीन. कोर्टात तसं चालतं.

तुझी जया

•

वाकणपाडा
२ डिसेंबर

जये,

कागद मागून सहा महिने होत आले. तुझी मामी रोज विचारायची, पाठवले काय, पाठवले काय. मी पाठवत नव्हतो. आज पाठवतोय, ते का, ते वाच.

शेटनं नोटीस दिली, वकील लावला, मग दिवाळीनंतर कंटाळला. गेल्या आठवड्यात क्रेन आणून सायलो उतरवले. जाताना राखेचा ढीग तसाच टाकून गेला. त्यावर मीच ताडपत्री घातली.

गावात काय चाललंय ते तुला नौपाड्यात बसून कळणार नाय. ज्यांच्या गाड्या लागलेल्या ते माझ्या तोंडावर थुंकायचे बाकी हायेत. नवरात्रात हळदीकुंकवाला नंदाला कुणी बोलावलं नाय. देवळात मीटिंग घेतली. मला बोलावलं, म्हणजे आरोपीसारखं मध्ये बसवलं. मी या गावात वीस वर्षं पुढं बसलोय. गोपीनाथ, माझ्या शेजारच्या शेताचा मालक, शेटला आता त्याचं शेत हवंय, तो उभा राहिला.

"काळूशेट, आकडा अडतीस आलेला ना?"

मी बोललो, "आलेला."

"कायद्यात बसत होतं ना?"

"बसत होतं."

"मग बायकोच्या नादानं चालता धंदा का बंद केला?"

पोरं हसली. मी उठलो. मी बोललो, "कायद्यात बसत होतं, गोप्या. तिच्या छातीत नाय बसलं. तू दे तुझं शेत शेटला. तुझी आई अंगणात झोपते ना? दे."

  मी चपला घालून घरी आलो. गोपीनाथनं अजून सही केली नाय, पण करेल. त्याला पण कुणीतरी सांगेल, मर्यादेत हाय म्हणून.

तुझा कायदा मी मानत नाय, अजून पण नाय. पहिला हसायचो त्याला, कारण माहीत नव्हता. आता सगळा वाचलाय, नंदाकडून वाचून घेतला, म्हणून थुंकतो. तू वर जा. आणखी वर जा. तुझ्यात ती खोड हायच.

तुझी मामी तशीच हाय. बरं होणार नाय असं डॉक्टरनं साफ सांगितलं. खिडकी आता उघडी ठेवतो, शेताच्या बाजूची. काल तिनं विचारलं, यंदा वाल कोणी पेरले काय. मी बोललो, राख पडलीय, पुढच्या वर्षी बघू. ती बोलली, तोवर थांबते.

हॉस्पिटलचे सगळे कागद सोबत हायेत, एक्सरे पण. आणि ते 'एक रहिवासी' का काय ते लिहू नको. रहिवासी भाड्यानं राहतात. नाव लिही. विमल काळुराम भोईर, वाकणपाडा.

काळुराम